राजपुत्राचा हात

सकाळपासून थोरला मरत होता. आधी गळा चिरून मेला, मग पोटात भाला घुसून, मग किल्ल्याच्या भिंतीवरून खाली पडून. भिंत म्हणजे एक उंच लाकडी घडवंची आणि खाली जाड गाद्या. पण पडताना तो असा काही ओरडला की कॉम्प्युटरपाशी बसलेल्या मुलीने तोंडाजवळ नेलेला कप तसाच खाली ठेवला.

"छान मेलात," दिग्दर्शिका बाई म्हणाल्या. "आता जरा जळून मरा."

"कुठून पेटू? पायाकडून की डोक्याकडून?"

"ड्रॅगन वरून आग ओकतोय. डोक्याकडून."

"म्हणजे आधी केस जाणार. जाऊ देत, तसेही ते निघालेच आहेत."

हॉलमध्ये हशा पिकला आणि थोरला जळायला उभा राहिला.

ती जागा पूर्वी कापसाचं गोदाम होती. आता छताला चारी बाजूंनी कॅमेरे टांगले होते आणि जमिनीवर रबर अंथरलं होतं. आतली माणसं काळे घट्ट कपडे घालून वावरत. त्या कपड्यांवर सांध्यासांध्याला बोराएवढे चमकते गोळे चिकटवलेले असत. कॅमेऱ्यांना माणूस दिसत नसे, फक्त गोळे दिसत. गोळ्यांची हालचाल कॉम्प्युटरमध्ये जाई आणि तिथे तिच्यावर शिपायाचं, राक्षसाचं नाहीतर राजाचं शरीर चढवलं जाई. अशा रीतीने तिथे एक व्हिडिओ गेम तयार होत होता. पडद्यावर लढणारे शेकडो असले तरी गोदामात लढणारे मोजकेच होते आणि त्यांतला मरणारा बहुतेक वेळा थोरलाच असे.

मरणं हा त्यांच्या घरचा धंदाच होता. आजोबा तंबूतल्या खेळांत मरत. वडील, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, ते सिनेमात मेले. घोड्यावरून मेले, गच्चीवरून मेले, आणि शेवटी एका उडीत गुडघा कायमचा ताठ झाला तेव्हा हातात काठी घेऊन दुसऱ्यांना मरायला शिकवू लागले. घरात आजवर कुणीही गोष्टीच्या शेवटापर्यंत जगलं नव्हतं. पहिला जगणार होता तो धाकटा. तो राजपुत्र होता.

थोरल्याच्या मनात एवढी एकच गोष्ट होती. धाकट्याला चालायला त्याने शिकवलं होतं, पडायलाही त्यानेच शिकवलं होतं. आता त्याने शेवटच्या दृश्यात उभं असावं, बाकी काही का होईना. थोरला हे कुणाला बोलून दाखवत नसे. बोलून दाखवलं की दृष्ट लागते, असं काहीसं त्याच्या डोक्यात होतं.

गेममधला राजपुत्र म्हणजे नुकती मिसरूड फुटलेलं पोर. सेनापती त्याच्या बापाला मारतो, राजवाडा पेटवतो, आणि हा पोरगा एका म्हाताऱ्या अंगरक्षकाचा हात धरून जळत्या जिन्यावरून निसटतो. मग रानावनातून माणसं जमवतो. या राजपुत्राचा एक पण असतो. ज्याने शस्त्र टाकलं, त्याच्यावर माझा हात पडणार नाही. त्याचे सरदार त्याला हसतात. एकजण तर तोंडावर म्हणतो, "महाराज, अशाने तुम्ही देवळात शोभाल, गादीवर नाही." तरी हा आपला हेका सोडत नाही. शेवटी सेनापती गुडघ्यावर येतो, सगळं सैन्य "मार, मार" म्हणून गरजतं, आणि राजपुत्र उगारलेली तलवार खाली घेतो.

धाकट्याला हे इतकं भावलं होतं की तो घरीसुद्धा राजपुत्रासारखाच वागायला लागला. भिंतीवर झुरळ दिसलं तर कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडायचा. थोरल्याची बायको म्हणायची, "भावजी, झुरळांना अभय देऊन झालं असेल तर ताट उचला. राज्यात दुसरं कुणी उचलणारं नाहीये."

"वहिनी, तू हसतेस. पण तो भित्रा नाहीये. त्याला मारता येतं म्हणूनच त्याच्या न मारण्याला किंमत आहे."

"मला भांडी घासता येतात, पण आज नाही घासणार. आहे काही किंमत?"

थोरला ताटावर मान घालून हसत राही.

आता त्यांच्या धंद्याची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. लोकांना वाटतं की मारणारा मारतो आणि मार खाणारा पडतो. तसं नसतं. मार खाणारा आधी हलतो. त्याची मान मागे निघाली की मग मारणाऱ्याचा हात सुटतो आणि अंगापासून तीन बोटं अलीकडे थांबतो. बघणाऱ्याला वाटतं, काय मारलंय! खरा मालक असतो मार खाणारा. उस्ताद पोरांना वर्षानुवर्षं भिंतीसमोर उभं करून बुक्क्या मारायला लावत. भिंतीला हात लागला की काठी पाठीत. असं करता करता ती तीन बोटं हाडांत मुरतात. आणि एवढं करूनही कुणाचा हात लागलाच, तर त्या माणसासमोर पुन्हा कुणी उभं राहत नाही. त्याच्याशी कुणी भांडत नाही, कुणी बोलही लावत नाही. फक्त प्रत्येकाला त्या दिवशी दुसरीकडे काम असतं.

सेनापतीच्या कामासाठी कंपनीने हातोड्याला आणलं. हातोडा हा पिंजऱ्यात लढणारा पैलवान. जाळीच्या आत दोन माणसं सोडतात आणि एकजण उठेनासा होईपर्यंत लढवतात, त्या खेळात त्याचं मोठं नाव होतं. खेळणाऱ्या पोरांना सेनापतीचा चेहरा त्याचा हवा होता. त्याचे कान चुरगळून फुलकोबीच्या गड्ड्यासारखे झाले होते आणि स्वभाव मात्र लोण्यासारखा होता. आल्या आल्या तो उस्तादांच्या पाया पडला. पण रीत ऐकून त्याला हसू आवरेना.

"हात लागायचाच नाही? मग मार कसला तो? हे तर आरती ओवाळणं झालं."

"आरती तर आरती," उस्ताद म्हणाले. "पण ताम्हण कुणाच्या नाकावर आपटायचं नाही."

हातोडा शिकला. माणूस मनापासून मेहनती होता. सरावात त्याचा हात बरोबर तीन बोटांवर थांबू लागला. उस्तादांनी मान डोलावली. फक्त थोरल्याला कुठेतरी खटकत होतं. हातोडा थांबताना मोजतो आहे, हे त्याला दिसत होतं. जो मोजून थांबतो, तो मोजायचं विसरूही शकतो. पण घाई होती, बाई खूश होत्या, आणि आपणच कशाला माशी शिंकवायची म्हणून तो गप्प बसला.

दृश्य असं होतं: राजवाड्याच्या चौकात सेनापती म्हाताऱ्या अंगरक्षकाला मारतो. अंगरक्षक अर्थातच थोरला. राजपुत्र जिन्यावरून ते बघतो, तलवार उपसून खाली येतो, आणि तिथून शेवटची लढाई सुरू होते. बाईंना ते सलग हवं होतं. तलवारी लाकडाच्या असल्या तरी वजनासाठी आत लोखंडी सळई घातलेली होती, कारण हलक्या तलवारीने मनगट खोटं बोलतं आणि कॅमेऱ्याला ते कळतं. पात्यावरचे चमकते गोळे बारीक खिळ्यांवर बसवलेले होते.

"चला," बाई म्हणाल्या.

हातोड्याने लाथ मारली आणि ती तीन बोटं अलीकडे थांबली. थोरल्याने ती पोटात घेतल्यासारखं केलं. गुडघे असे मोडले, मान अशी लुळी टाकली, डोळे असे पांढरे केले, की खऱ्या मरणाऱ्याने शिकायला यावं. त्या दिवशी तो फारच छान मेला, आणि तिथेच घोळ झाला. हातोड्याच्या अंगाला पिंजऱ्यात एकच गोष्ट पक्की शिकवलेली होती. समोरच्याचे गुडघे वाकले की सोडायचं नाही. त्याने ठरवलं नाही, विचारही केला नाही. थोरल्याचे गुडघे वाकले आणि हातोड्याचं अंग त्याच्यावर झेपावलं.

पहिला गुडघा बरगड्यांत बसला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. थोरल्याने ओरडायला तोंड उघडलं, पण आत वाराच नव्हता. मग कोपर आलं. नाक एका बाजूला गेलं आणि तोंडात गरम, खारट काहीतरी भरलं. तो पाठीवर पडला तेव्हा हातोडा छातीवर बसला होता आणि दोन्ही मुठी बैलगाडीच्या चाकासारख्या एकामागून एक खाली येत होत्या. एक दात घशाकडे गेला. तो गिळू नये म्हणून थोरल्याने मान वळवली, तर पुढची मूठ कानावर बसली आणि सगळं गोदाम विहिरीत बुडाल्यासारखं झालं.

धाकटा जिन्यावर उभा होता. दादा मरताना नेहमी जगाला ऐकू जाईल असा ओरडतो, हे त्याला ठाऊक होतं. या वेळी आवाज आला नाही. त्यावरून त्याला कळलं.

"थांबा! थांबवा त्याला!" बाई किंचाळल्या. उस्तादांनी काठी भिरकावली, ती हातोड्याच्या पाठीवर लागली आणि तो भानावर आला. त्याने आपल्या रक्ताळलेल्या मुठींकडे असं पाहिलं, जणू त्या कुणी परक्याने त्याच्या हाताला लावल्या होत्या. त्याची तलवार केव्हाच गळून पडली होती. तो थोरल्याच्या छातीवरून उतरला, शेजारी गुडघ्यांवर बसला आणि हात जोडून म्हणू लागला, "अरे देवा, चुकलं माझं. उस्ताद, चुकलं. कुणीतरी पाणी आणा रे!"

थोरल्याचा एक डोळा सुजून मिटला होता. दुसऱ्याने त्याला धाकट्याचे पाय येताना दिसले. खोटा वार करणारा वजन मागच्या पायावर ठेवतो. धाकट्याचं सगळं वजन पुढच्या टाचेवर होतं.

त्याने "नको" म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून रक्ताचा बुडबुडा बाहेर आला.

धाकट्याने दोन्ही हातांनी तलवार डोक्यावर नेली आणि खाली आणली. हवा फाटल्याचा आवाज आला. हातोड्याने वर पाहिलं. वार खोटा असता तर त्याने कदाचित डोकं मागे घेतलं असतं, शिकवलं होतं तसं. पण पोराच्या डोळ्यांत जे होतं ते त्याने आयुष्यभर जाळीच्या आत बघितलं होतं. आणि पिंजऱ्यातला माणूस खऱ्या वारापासून मागे सरत नाही. मागे सरला तर तो वाराच्या टप्प्यात राहतो. म्हणून तो आत घुसतो. हातोडा गुडघ्यांवरून उसळून डोकं पुढे घालून घुसला.

आणि नेमक्या त्याच क्षणी धाकट्याचा हात थांबला होता. तीन बोटं अलीकडे, वर्षानुवर्षं भिंतीसमोर थांबत आला तसा.

भुवईचं हाड पात्यावर आदळलं. गोळा फुटला आणि आतला खिळा डोळ्यात गेला. हातोडा दोन्ही हातांनी तोंड धरून उलटा पडला, आणि असा ओरडू लागला की कॉम्प्युटरवाली मुलगी कानांवर हात घेऊन दाराबाहेर पळाली. रबरावरून रक्त थोरल्याच्या गालापर्यंत वाहत आलं. आपलं कुठलं आणि त्याचं कुठलं, हे त्याला सांगता आलं नसतं.

डोळा गेला. भुवईचं हाड तीन ठिकाणी मोडलं. हातोडा पुन्हा पिंजऱ्यात उतरणार नव्हता.

सगळे म्हणाले, पोराने भावाचा सूड घेतला. बाई मात्र तसं म्हणाल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी धाकट्याला आणि उस्तादांना पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर दोन काटकुळी हाडांची माणसं होती. एक गुडघ्यांवर, एक उभं. तलवार खाली आली, थांबली. डोकं वर आलं, आदळलं. बाईंनी ते हळू करून पुन्हा दाखवलं.

"बघ," त्या म्हणाल्या. "तुझा हात थांबलाय. इथे, अगदी स्पष्ट. तो तुझ्या तलवारीवर येऊन आदळला. हे मी कुणालाही दाखवायला तयार आहे."

"हात थांबला, बाई," धाकटा म्हणाला. "मी नाही थांबवला."

"म्हणजे काय?"

"मला त्याचं डोकं फोडायचं होतं. नारळ फोडतात तसं. तो हात जोडून बसला होता, हत्यार टाकलेलं होतं, मला सगळं दिसत होतं. तरी फोडायचंच होतं." त्याने छातीवरचा गोळा उपटून टेबलावर ठेवला. "हात थांबला तो बाबांच्या काठीने. माझं काय त्यात? दुसरा राजपुत्र शोधा."

उस्तादांनी तो गोळा उचलून खिशात टाकला.

इस्पितळात थोरला आणि हातोडा एकाच मजल्यावर होते. थोरल्याच्या नाकात कापूस, छातीला पट्टे, समोरचे दोन दात गायब. एका दुपारी हातोडा भिंत धरून त्याच्या खाटेपाशी आला. अर्ध्या चेहऱ्यावर पांढरी पट्टी होती.

"बरगड्या किती?" त्याने विचारलं.

"चार. हसवू नकोस."

"मी माफी मागायला आलोय."

"तेच म्हणतोय, हसवू नकोस." मग थोरला म्हणाला, "पोराने हात थांबवला होता. बाईंनी दाखवलं ना तुला?"

"दाखवलं." हातोडा खाटेच्या कडेला बसला तेव्हा खाट कुरकुरली. "पण त्याच्या डोळ्यांत मी माझं मरण बघितलं होतं. हात थांबणार आहे हे मला कुठून कळणार? मी तक्रार केलेली नाही, करणारही नाही. तुझे दात मी पाडले, माझा डोळा त्याने. पण एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नकोस. त्या पोरासमोर मी पुन्हा उभा राहणार नाही."

थोरल्याला या एका वाक्याने चार बरगड्यांपेक्षा जास्त दुखलं. हातोड्यासारखा माणूस असं म्हणतो, तर बाकीचे काय म्हणत असतील?

तो घरी आला तेव्हा धाकटा गोदामात जायचा बंद झाला होता. रस्त्याच्या टोकाला टायरच्या दुकानात कामाला लागला होता. बाई दोनदा घरी येऊन गेल्या होत्या. "राजपुत्राची चाल सगळीकडे त्याचीच आहे," त्या वहिनीला म्हणाल्या. "दुसरा घेतला तर सगळं पुन्हा करावं लागेल. तरी मी थांबेन. पण कंपनी किती थांबेल ते सांगता येत नाही."

"राजे आता टायर उचलतात," वहिनी थोरल्याला म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीची फिरकी नव्हती. "रात्री जेवतात, ताट स्वतः घासतात. मला भीती वाटते हो. भांडत सुद्धा नाहीत."

थोरला छाती धरून टायरच्या दुकानात गेला. धाकटा लोखंडी पहारीने चाकावरचं रबर उचकटत होता. भावाला पाहून त्याने पहार खाली ठेवली, पण जवळ आला नाही.

"चल," थोरला म्हणाला.

"नाही येणार."

"काम करायला नाही बोलावत. रीत उरलीय."

ही रीत त्यांच्या धंद्यात क्वचित लागते, म्हणून कुणी तिच्याबद्दल बोलत नाही. ज्याचा हात लागला, त्याने तोच वार त्याच जागी पुन्हा करायचा, समोर जाणता माणूस बसवून. मग त्याने राहावं किंवा जावं. न करता गेला तर भीती कोपरात मुरते आणि उद्या टायर उचलतानासुद्धा ती बाहेर येते, असं जुनी माणसं म्हणत.

"समोर कोण बसणार?" धाकट्याने विचारलं. "आहे कुणी तयार?"

"मी आहे की."

"तुझ्या बरगड्या—"

"बरगड्यांवर थोडंच मारायचंय? डोक्यावर मारायचंय. तिथे आधीही काही नव्हतं."

धाकटा हसला नाही, पण त्याने हात पुसले.

गोदामाच्या वरच्या खिडक्यांतून दुपारचं ऊन रबरावर पडलं होतं. कॅमेरे बंद होते. उस्ताद खुर्चीवर ताठ पाय पुढे टाकून बसले होते. तलवारीवरचे खिळे काढून टाकले होते, पण आतली सळई होती. हातोडा जिथे बसला होता, बरोबर तिथे थोरला गुडघे टेकून बसला. रबरावरचा डाग धुऊनही गेलेला नव्हता.

थोरल्याने एक गोष्ट टायरच्या दुकानातच ठरवली होती आणि ती बापाला, बायकोला, कुणालाही सांगितलेली नव्हती.

"हं," उस्ताद म्हणाले.

धाकट्याने तलवार उचलली आणि खाली आणली. ती हातभर वरच थांबली. म्हातारीने सूप आपटावं तसा वार होता.

"माशा हाकलतोस का?" थोरला म्हणाला. "पुन्हा."

दुसरा वार पहिल्यापेक्षाही मऊ झाला. धाकट्याने तलवार खाली टेकवली. "होत नाही, दादा. झालं ना आता? जाऊ दे मला."

थोरला उठला, त्याच्यासमोर गेला आणि त्याच्या थोबाडीत दिली. खरी. धंद्यातली नव्हे. गोदामात ती फटाक्यासारखी वाजली. धाकटा बघतच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा दादाचा हात त्याला लागला होता.

"मला तो मारत होता तेव्हा जिन्यावर उभा होतास ना?" थोरल्याने दुसरी दिली. ओठ फुटला. "दात घशात गेला माझा. बरगडी मोडलेली ऐकलीस ना? मग कुठे गेला तो राग? टायरमध्ये भरलास? राजपुत्र म्हणे! राजपुत्राला काय राग येत नव्हता? उचल!"

तिसरी चपराक द्यायला त्याने हात वर केला तेव्हा त्याच्याच छातीत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तरी त्याने ती दिली, आणि परत जाऊन गुडघ्यांवर बसला. धाकट्याच्या हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं. त्याचे डोळे बदलले होते. थोरल्याने खाली पाय पाहिले. वजन पुढच्या टाचेवर आलं होतं.

तलवार वर गेली आणि खाली निघाली. हवा त्या दिवसासारखीच फाटली.

आणि थोरला मागे हलला नाही. तो पुढे उसळला. हातोड्यासारखा, डोकं खाली घालून, थेट वाराच्या आत.

"अरे मूर्खा!" उस्ताद ओरडले.

तीन बोटांचं अंतर आता कुठेच उरलं नव्हतं. भिंतीसमोर शिकलेल्या हाताला हे शिकवलेलंच नव्हतं. भिंत कधी चालून येत नाही. थोरल्याला डोक्यावर सावली दिसली आणि त्याला वाटलं, चला, एकदाचं खरं मरण आलं. तेवढ्यात धाकट्याच्या घशातून जनावरासारखा आवाज निघाला. त्याने सगळं अंग पिळून तलवार बाजूला ओढली. खांद्यातून खटकन काहीतरी निसटलं. पातं थोरल्याच्या कानाला चाटून गेलं, कानाची पाळी फाटली, आणि तलवार लाकडी जिन्यावर इतक्या जोरात आदळली की पायरीचे दोन तुकडे झाले. पाठोपाठ दोघे भाऊ एकमेकांवर आदळून रबरावर कोसळले.

मग धाकटा शिव्या देऊ लागला. उस्तादांसमोर त्याने कधी "च्यायला" देखील म्हटलं नव्हतं. आता तो थोरल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, ज्या त्याच्याही होत्या.

"पुढे का आलास? आं? मेला असतास! डोकं फुटलं असतं तुझं! वहिनीला काय तोंड दाखवलं असतं मी?"

"फुटलं का?" थोरल्याने विचारलं. फाटक्या पाळीतून रक्त मानेवर वाहत होतं आणि हसल्यामुळे बरगड्या करवतीसारख्या कापत होत्या. "नाही ना फुटलं? मग हात कुणी थांबवला ते सांग. बाबांच्या काठीने?"

धाकट्याचा उजवा हात लोंबत होता, खांद्याचं हाड कातडीखाली भलत्याच जागी आलं होतं. त्याने डाव्या हाताने दादाच्या मानेवरचं रक्त पुसलं, पुन्हा पुसलं, आणि लहान मूल रडतं तसा रडू लागला.

उस्ताद काठी टेकत आले. वाकून त्यांनी खांदा चाचपला.

"निखळलाय," ते म्हणाले. "तोंडात काहीतरी धर."

थोरल्याने आपला कमरेचा पट्टा काढून त्याच्या दातांत दिला. उस्ताद जमिनीवर बसले, चांगल्या पायाची टाच पोराच्या काखेत रोवली, मनगट धरलं आणि एकदम खेचलं. धाकट्याची किंकाळी छतापर्यंत गेली. हाड जागेवर बसल्याचा आवाज तिघांनीही ऐकला.

"महिनाभर हा हात वर जायचा नाही," उस्ताद धापा टाकत म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते, पण आवाज नेहमीसारखाच खडबडीत होता. "थोरल्या, बाईंना फोन लाव. म्हणावं, राजपुत्र उद्यापासून येतोय. पण शेवटच्या लढाईत डावखुरा असेल."

"आणि सेनापती?" धाकट्याने पट्टा तोंडातून काढत विचारलं. "हातोडा तर येणार नाही."

"त्याच्या वाटच्या लढाईला मी उभा राहीन," थोरला म्हणाला. "बरगड्या सांधल्या की. मरायला नको ना त्यात? नुसतं गुडघ्यावर बसायचंय. तेवढा आराम मला चालेल."